मधलं बटण

ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले. शर्टाची बटणं खालून वर लावावीत, म्हणजे पट्टी मागेपुढे होत नाही, हा त्यांचा शिरस्ता. कंपवाताने एकेक काम हातातून काढून घेतलं. आधी दाढी करणं गेलं, मग चहाचा कप धरणं. बटणं मात्र त्यांनी सोडली नव्हती. ते दार लोटून बसायचे आणि मी बाहेर नाम घेत उभी राहायचे.

आज आतून हाक आली. "अगं, ये. नाही जमत आता."

ते पलंगाच्या कडेला बसले होते. शर्ट अंगात, सगळी बटणं उघडी, दोन्ही हात मांडीवर थरथरत होते.

"इतकी वर्षं लोकांना नटवलंत," मी म्हटलं, "आता मला तुम्हाला नटवू द्या."

ते हसले नाहीत. मी गळ्यापासून सुरुवात केली.

"उलटं लावतेस."

"असू द्या हो. देवाला दोन्ही सारखंच."

दुसरं बटण लावताना खाली लक्ष गेलं. खालची दोन लागलेली होती. ह्यांचे हात तर मांडीवरच होते, तसेच थरथरत.

मी पुढचं लावलं. खालचंही आणखी एक लागलं.

मधलं तेवढं उरलं. मी हात घातला, तर तिथे आधीच बोटं होती. दिसत नव्हती. कोमट, सुया टोचून खरखरीत झालेली, आणि अगदी स्थिर. त्या बोटांनी माझा हात हलकेच बाजूला सारला.

मी वर पाहिलं. ह्यांचे डोळे भरून आले होते.

"राहू दे," ते म्हणाले. "ज्याचं नाम घेतेस, त्याला लावू दे."