चौथी जागा

रेडिओ, टेप आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पत्र्याच्या पेटीला जोडलेले होते. प्लास्टिकचं गोल बटण फिरवलं की हवं ते स्पीकरवर लागायचं. पण काहीही लावा, मागे घुंऽऽ चालूच. शेवटी ताईने धाकट्या भावाला बोलावलं. असल्या दुरुस्तीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

“अर्थिंगचा घोळ आहे,” पेटी न उघडताच तो म्हणाला. त्याने प्लग काढून त्यातली अर्थची वायर सरळ कापून टाकली आणि प्लग परत लावला. घुंऽऽ गेलं.

“अरे, ती वायर शॉक बसू नये म्हणून असते ना?” ताईने स्वयंपाकघरातून विचारलं.

“घाबरटांसाठी असते.”

नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर तो अनवाणी उभा होता. खुशीत त्याने गोल बटण चौथ्या जागेवर फिरवलं. तिथे काहीच जोडलेलं नव्हतं.

स्पीकरमधून ताईचा आवाज आला. “आधी ते बंद कर बघू.” मग कप फुटला. मग पुन्हा तिचाच आवाज. “ऊठ रे. अरे, ऊठ ना.”

“ताई, कप फोडलास का?”

“छे, अजून चहा गाळतेय.”

कुठलं तरी स्टेशन घुसलं असेल, म्हणून तो हसला.

ताई कप घेऊन बाहेर आली. स्पीकरमध्ये आता कुणीतरी हुंदके देत होतं.

“आधी ते बंद कर बघू,” ती म्हणाली.

बंद करायचा खटका लोखंडी होता. त्याचा हात सवयीने पुढे गेला.