पुढची रांग

आईनं मुलीच्या तळहातावर गोळी ठेवली. फिटची नव्हे. आईच्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी आणलेली, कॅल्शियमची.

मुलीनं ती डोळ्यांजवळ नेली. “ही वेगळी आहे.”

“कंपनीनं बदलली गं राणी. गीळ.”

गिळली. एकवीस वर्षांच्या या पोरीला खोटं बोलता येत नसे, आणि दुसऱ्यांना ते येतं हे तिच्या गावीही नव्हतं. पाणी पिऊन ती परत कामाला बसली. मायलेकी घरी बसून बेकरीसाठी केकचे खोके घडवायच्या. आईचा खोका कुठेतरी तिरपा व्हायचाच. मुलीचा कधीच नाही. म्हणून तर अख्खी गल्ली तिला मोजपट्टी म्हणायची.

डॉक्टरांच्या कागदावर दोन शब्द होते: स्वमग्नता आणि अपस्मार. पहिल्या शब्दानं आईचं माणसांत जाणं-येणं बंद केलं. नातेवाईक लग्नाला बोलवायचे तेसुद्धा “तुम्ही एकट्याच या हं” असं म्हणून. दर आठवड्याच्या प्रार्थनेला दोघी जायच्या, पण मोजपट्टी झुलायची, कानांवर हात दाबून धरायची, आणि गाणाऱ्यांचा ठेका चुकला की मोठ्यानं सांगायची, “चुकलं!” खरंच चुकलेलं असायचं, आणि तेच कोणाला सहन व्हायचं नाही. म्हणून तिची जागा दाराबाहेर, चपलांशेजारी. आईचीही तिथेच.

दुसऱ्या शब्दानं मात्र नशीब पालटलं. गेल्या वर्षी प्रार्थना ऐन रंगात असताना मोजपट्टी उठली आणि सरळ आत गेली. चेहरा असा उजळलेला, की आईनंसुद्धा तसा कधी पाहिला नव्हता. “आला,” ती म्हणाली, आणि कोसळली. शुद्धीवर आल्यावर बायकांनी तिला घेरलं. कोण आला? काय म्हणाला?

“तो बोलत नाही,” मोजपट्टी म्हणाली. “तो आला की आवाज थांबतात. दिवे टोचत नाहीत. सगळं आपापल्या जागेवर असतं. मीपण.”

प्रार्थना चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं त्या ज्याला हाका मारत होत्या, तो आला होता तो चपलांशेजारी बसणाऱ्या पोरीकडे! त्या दिवसापासून मायलेकी पुढच्या रांगेत. मोजपट्टीची झाली ‘देवाची लेक’. आणि आईला बायका चक्क विचारू लागल्या, “कशा आहात? जेवलात का? हा रंग खुलतो हं तुम्हाला!” एकवीस वर्षांत तिच्या कपड्यांचा रंग कोणाला दिसला नव्हता. ती घरी येऊन आरशासमोर उभी राहायची आणि स्वतःशीच लाजायची.

मग नव्या डॉक्टरांची गोळी लागू पडली. चार महिने फिट नाही. चार महिने ‘आला’ नाही. आईनं हरखून बातमी सांगितली, तर बायकांची तोंडं उतरली. आणि परवा मोठ्या बाई गोड हसून म्हणाल्या, “पुढे फार दाटी होते हो. तुम्ही दोघी दाराशी बसलात तर चालेल ना?”

आईनं मुलीला विचारूनही पाहिलं होतं. “तुला तो परत यायला हवा का गं?”

मोजपट्टीनं हातातला खोका घडवून बाजूला ठेवला. “तो हवा. पडणं नको.”

आईनं उत्तरातला अर्धाच भाग उचलला.

गोळी बदलल्याच्या पाचव्या दिवशी, प्रार्थनेत, मोजपट्टी दाराशी कोसळली. चेहरा उजळला नाही. ती काही म्हणाली नाही. नुसती धाडकन पडली. ओरडल्या त्या बायकाच. “आला! आला!”

आईनं तिला कुशीवर वळवलं, गळ्याशी बटण सोडलं, घड्याळ पाहिलं. एरवी दोन मिनिटांत थांबायचं. तीन झाली. चार झाली. पाचाच्या पुढे गेलं तर वाट पाहायची नाही, गाडी बोलवायची, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं.

“गाडी बोलवा! अहो, कोणीतरी गाडी बोलवा!”

“हात लावू नका तिला,” मोठ्या बाई हात जोडून म्हणाल्या. “आज त्याचा मुक्काम मोठा आहे.”

“देव नाही हो तो! मी गोळ्या बदलल्या! मी! पाच दिवस भलतीच गोळी देतेय मी तिला!”

साडेसहाव्या मिनिटाला मोजपट्टीचं अंग सैल पडलं. श्वास सरळ झाला. आई तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडली. आता कोणीतरी थोबाडीत मारेल, हाकलून देईल. तिला तेच हवं होतं.

मोठ्या बाई जवळ आल्या. गुडघे टेकून बसल्या.

“गोळ्या तुम्ही कुठल्या बदलणार? त्यानंच तुमच्या हातून करवून घेतलं. पोटची लेक त्याच्यापुढे ठेवणारी आई! अहो, आम्हाला कोणाला जमलं असतं?”

एकेक करून बायका वाकल्या. मुलीपुढे नाही, आईपुढे. कोणी तिचे डोळे पुसले. कोणी पाणी आणलं. कोणी म्हणालं, “सरका गं, सरका, यांना पुढे बसू दे.” आईनं पाणी घेतलं. हुंदके हळूहळू थांबले. पदरात न मावणारं काहीतरी मिळाल्यासारखी ती एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिली.

बऱ्याच वेळानं मांडीवरचं डोकं हललं. मोजपट्टीनं डोळे उघडले, आणि घोगऱ्या आवाजात, जे होतं ते सांगायला लागली.

“आई, आज कोणीच आलं न...”

आईनं तिच्या तोंडावर अलगद हात ठेवला.