पिवळा गोल

लग्नाचा मांडव उतरला आणि एकाच खोलीच्या त्या घरात विटांची भिंत उभी राहिली. "नव्या जोडप्याला आडोसा नको का?" म्हणत द्वारकाबाईंनी स्वतःच गवंडी बोलावला. नव्या सुनेला, हेमांगीला, लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शहराची हवा धुणारे पंखे अष्टौप्रहर घुमत. त्यांची घरघर बंद खोलीत भिंतींशी साचे आणि माणसाचं काळीज पोखरे. खोलीच्या मध्यावर तेवढी ती विरून जाई. म्हणून घरोघरी मध्यावर पिवळा गोल काढलेला असे आणि घरातलं अशक्त माणूस त्यावर निजे. द्वारकाबाईंची खाट गोलावरच होती. गवंड्याने गोलाला धक्का न लावता, खाटेला लागूनच भिंत घातली.

त्या दिवसेंदिवस खंगत चालल्या. हेमांगीने विचारलं, की म्हणत, "मी गोलावर आहे गं, मला काय होतंय!"

एका सकाळी ती चहा घेऊन गेली, तर त्या गार पडल्या होत्या.

घरघर मोजायला आलेल्या मोजणीवाल्याने यंत्र खाटेवर धरलं आणि मान हलवली. "भिंत घातली की खोली बदलते, ताई. मध्य सरकतो. गोल पुन्हा काढायचा असतो."

"मग आता मध्य कुठे?"

चार पावलं चालून त्याने हेमांगीच्या माहेरच्या कपाटावर हात ठेवला. "पलीकडे तुम्हाला अडचण नको," असं म्हणत ते द्वारकाबाईंनीच भिंतीच्या आपल्या बाजूला ठेवून घेतलं होतं.

सासूच्या खोलीतल्या त्या एकाच शांत जागेत तिच्या लग्नातल्या कोऱ्या साड्या होत्या.