एकेचाळीस नंबरची रेघ

सर्पिल रेघेच्या तिसऱ्या फेऱ्यात, डाव्या अंगाला, सात बारीक दाते होते. डॉक्टरबाईंनी ते पुन्हा मोजले. सातच.

"खोट ब्राउझरमध्ये आहे, भाऊजी," त्या दिराला म्हणाल्या.

पेशंटने स्क्रीनवर पेनने सर्पिल काढायचं आणि त्या रेघेवरून हात किती कापतो ते पाहायचं, हा प्रोग्राम दिरानेच त्यांच्या मेंदूविकार विभागाला करून दिला होता. आज जेवणाच्या सुट्टीत त्या त्याला मुद्दाम बोलावून बसल्या होत्या. डबा अजून उघडला नव्हता.

त्याने एकेचाळीस नंबरच्या पेशंटचे साठवलेले बिंदू दोन ब्राउझरमध्ये उघडले. एकात रेघ खडबडीत, दुसऱ्यात जरा बरी.

"ब्राउझर म्हणजे सासू-सून, वहिनी. घडतं एकच, सांगतात दोघी वेगळं." तो हसला. "हा अपूर्णांक पाळतो, तो जवळच्या पूर्ण आकड्यावर ढकलतो. म्हणून या पायऱ्या."

"म्हणजे हात ठीक आहे?"

"ते आत्ता कळेल. एवढी काय घाई?"

"कापत असेल तर काम सुटेल. बारीक हातकाम आहे."

"घड्याळजी?"

"तसंच काहीतरी. तीन महिने मी तोंड उघडलेलं नाही. ब्राउझरवर ढकलत आलेय." त्यांचे कान तापले.

"तुम्ही? लोकांना तर तोंडावर सांगता!"



सिस्टर दारातून डोकावल्या. "मॅडम, उद्याच्या ऑपरेशनच्या बाई आल्यात. त्यांचे मिस्टर विचारतायत, ऑपरेशन तुम्हीच करणार ना?"

"थांबा जरा."

दिराने प्रोग्रामच्या दोन ओळी बदलल्या. दोन्ही रेघा तंतोतंत जुळल्या. पायऱ्या गेल्या. दाते तसेच राहिले.

त्याचं हसू मावळलं. "वहिनी, हे आता आमच्या खात्यातलं नाही. हातच कापतोय. सांगून टाका बिचाऱ्याला. उगाच कुणाचं तरी नुकसान व्हायचं."

डॉक्टरबाई उठल्या. बाहेर बाकावर ते जोडपं हातात फाइल धरून बसलं होतं. त्यांना पाहताच दोघंही उभी राहिली.

"सिस्टर, उद्याचं ऑपरेशन मोठ्या सरांना करायला सांगा," त्या म्हणाल्या. "एकेचाळीस नंबर मी आहे."