दाबाचं घड्याळ

जन्मभर नळ जोडत आलेला माणूस, म्हणून नव्या स्वयंपाकघरातला गॅसचा पाइपही सासऱ्यांनी स्वतःच भिंतीत घातला आणि वर टाइल्स बसवून घेतल्या. "चाळीस वर्षं पाण्यानं माझं ऐकलं, गॅस काय आभाळातून पडलाय?" पण सुनेच्या मनात पाल चुकचुकली आणि तिनं परवानावाला फिटर बोलावला. त्यानं पाइपात हवा भरली, दोन्ही टोकं बंद केली, दाबाचं घड्याळ लावलं आणि स्टुलावर ठाण मांडलं. "कामाला आलास की बसायला?" सासऱ्यांनी विचारलं. पाव तासात घड्याळाचा काटा उतरला. "काका, कुठंतरी गळतंय. सगळी भिंत फोडावी लागेल." "तुझं घड्याळच खोटं." फिटरनं दुसरं लावलं. त्याचाही काटा उतरला. "बाबा, घरात लेकरं आहेत," सून हळूच म्हणाली. सासऱ्यांनी एका टाइलवर बोट ठेवलं. "एवढीच फोड. इथला सांधा आवळताना हात थरथरला होता."