गंड्याचा नारळ

"तुम्हा तिघांना एकमेकांची एक तरी बंदिश येते का हो?"

विचारून झालं आणि हर्षालीच्या लक्षात आलं, माइक खरंच चालू होता. सगळ्या सभागृहात आवाज गेला. मागच्या रांगेत क्लासमधल्या ध्रुवीने श्वेताचा हात आवळला. चहाच्या सुट्टीत दोघींनीच तिला डिवचलं होतं, "विचारून दाखव. दोन प्लेट गरमागरम लोचो आमच्याकडून."

प्रश्नात तसं वाईट काय होतं? महोत्सवातलं 'आजचे बंदिशकार' हे चर्चासत्र दीड तास चाललं होतं. दीड तास श्रीरंगबुवा योगेंद्रजींना 'आमच्या पिढीचं लेणं' म्हणत होते, योगेंद्रजी बुवांना 'चालतंबोलतं घराणं' म्हणत होते आणि मधूनमधून दोघंही 'अर्थात, आमच्या सुमनताई' म्हणत होते. गायलं कोणीच नव्हतं. एक ओळसुद्धा नाही. कोणत्या महोत्सवात हॉटेल बरं असतं, एवढं मात्र सगळ्यांना कळलं होतं.

सुमनताई टोकाच्या खुर्चीवर होत्या. त्यांचा माइक पहिल्यापासून बंद होता. त्यांनी दोनदा टकटक करून पाहिलं आणि मग तो खाली ठेवून दिला.

"चुणचुणीत आहे," बुवा हसले. "पण बेटा, हे चर्चासत्र आहे, मैफल नाही."

"आणि दुसऱ्याची चीज तयारीशिवाय गाऊ नये," योगेंद्रजी म्हणाले. "रचनेचा अपमान होतो."

टाळ्या पडल्या. कशाबद्दल, ते हर्षालीला कळेना.

मम्मीने तिची ओढणी खेचली. "बठ ना खाले. बुवा रागे भरतीन."

मम्मीच्या मांडीवरच्या पिशवीत शाल, नारळ आणि लाल दोरा होता. सत्र संपलं की बुवा तो दोरा हर्षालीच्या मनगटाला बांधणार होते. एकदा गंडा बांधला की ती त्यांची शिष्या, जन्मभराची. त्यासाठी पप्पा चार महिने आयोजकांच्या मागे फिरले होते. आज डिंडोलीतल्या कापडाच्या लूमवर खाडा करून, लग्नाकार्यातला शर्ट घालून आले होते.

"अरे, ही तर मगनभाईंची मुलगी!" शेजारी बसलेल्या पप्पांना पाहून बुवांनी तिला आता ओळखलं. "गा बेटा, तूच गा काहीतरी. आमची सुटका कर."

हर्षालीने डोळे मिटले आणि राग मधुवंती धरला.

"टूटो तागा, कौन जोरे..."

'कौन'वर सम. क्लासच्या मॅडमनी दिलेल्या झेरॉक्सवरून तिने ही बंदिश बसवली होती आणि घरात इतकी घोटली होती, की तुटलेला धागा जोडताना पप्पाही लूमवर तीच गुणगुणायचे. बुवा ओळखतीलच, तिला वाटलं. पहिल्या ओळीलाच ओळखतील आणि शेजारच्या खुर्चीकडे बघतील.

बुवा मान डोलवत होते. गाणं संपलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले. खरंच पुसले.

"ऐकलंत?" ते सभागृहाला म्हणाले. "दोनशे वर्षांपूर्वीची तरी असणार. हे वजन आज कोणाच्या हातात राहिलेलं नाही. आम्ही काय, नुसते शब्द बसवतो."

"अगदी बरोबर," योगेंद्रजी म्हणाले. "परंपरा ती परंपरा!"

पुन्हा टाळ्या.

टोकाच्या खुर्चीवर सुमनताईंची बोटं अजून गुडघ्यावर मात्रा मोजत होती. त्या काहीतरी बोलल्या. माइक बंदच होता.

हर्षालीचा चालू होता. "सर, ही चार वर्षांपूर्वीची आहे. सुमनताईंनी केलेली. त्या तुमच्या शेजारी बसल्यात."

सभागृहात कोणीतरी खोकलं. बुवांनी लगेच माइक जवळ ओढला.

"मी तेच म्हणतोय ना!" ते म्हणाले. "आमची सुमन करते तेच मुळी दोनशे वर्षांपूर्वीचं!"

सगळे हसले. आयोजक घाईघाईने स्टेजवर चढले. "चालो, टाइम थई गयो," म्हणत त्यांनी तिघांच्या हातात गुच्छ दिले. मग फोटो. फोटोत बुवांनी सुमनताईंच्या खांद्यावर हात ठेवला होता.

ध्रुवी मागून पुटपुटली, "दोन नाही, चार प्लेट!" हर्षालीला मात्र हसू येईना. कान गरम झाले होते. दीड तास! दीड तास एकमेकांची आरती आणि ऐकलेलं काहीच नाही?

सुमनताई गुच्छ खुर्चीवरच विसरून खाली उतरल्या आणि थेट हर्षालीपाशी आल्या. आता शाबासकी देतील, तिला वाटलं.

"'कौन'ला घाई केलीस," ताई म्हणाल्या. "तो प्रश्न आहे. विचारल्यावर थांबायचं असतं." आणि दाराकडे गेल्या.

"चल चल," मम्मी उठली. "बुवा तुनासाठे थांबेल शेत. माफी मांग आधी."

हर्षाली जागची हलली नाही. स्टेजवर बुवा खुर्ची सरकवून, बाह्या सावरून, गंडा बांधायला बसले होते.

"पप्पा, मी बुवांकडे नाही शिकणार. सुमनताईंकडे शिकणार."

"तुले काही कळस का व?" मम्मीचा आवाज चिरकला. "चार महिनापासून तुना पप्पा... आणि त्या बाईले वळखस कोण?"

पप्पांनी दाराकडे पाहिलं. "त्या हो म्हणाल्या का?"

"अजून विचारलं नाही. आधी तुम्हाला सांगतेय." हर्षालीने पिशवी आपल्याकडे ओढली, शाल काढून मम्मीच्या हातात ठेवली. "ही बुवांना द्या. इतकं बोललेत, दमले असतील. नारळ आणि दोरा मला लागणार आहे."