दारामागची पिशवी

दारामागच्या खुंटीवर पिशवी चाळीस वर्षं भरूनच टांगलेली असे. पोलीस आले की मास्तर ती खांद्याला अडकवून हसत गाडीत चढत. सगळ्यांच्या पोरांना एकाच शाळेत बसता यावं, म्हणून चळवळ उभारून ते अकरा वेळा तुरुंगात गेले. पिशवी दर वेळी बायको भरायची. आज तीच चक्कर येऊन पडली. मास्तरांनी सवयीने पिशवी उचलली आणि बायकोला घेऊन दवाखाना गाठला. नर्सने ती उघडली, तर दोन सदरे आणि दाढीचं सामान निघालं. "आजोबा, हे तर तुमचंच! आजींचे कपडे कुठायत? गोळ्या कुठल्या घेतात?" मंत्र्यांची बोलती बंद करणारे मास्तर आपल्याच पिशवीत तिच्या गोळ्या चाचपू लागले. तेवढ्यात बायकोला शुद्ध आली. पिशवी पाहून तिने त्यांचा हात धरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ती म्हणाली, "अहो, या वेळी नका ना जाऊ."